जुनी केबिन, नवा पत्रा

माझ्याकडे स्टेशन होतं, पण गाडी नव्हती. बंगळूरच्या आमच्या मल्लेश्वरमच्या घरी कोणी पहिल्यांदा आलं की काचेच्या कपाटापाशी थबकायचं आणि हमखास विचारायचं, "सगळं आहे, मग इंजिन कुठाय?" कपाटात पत्र्याचे बोटभर उंचीचे दिव्याचे खांब होते, हात वरखाली होणारे सिग्नल होते, सामानाची ढकलगाडी होती, बाक होते, तिकिटाची खिडकी होती. इंजिन, डबे, रूळ यांतलं काहीच नव्हतं.

इंजिनं महाग जायची हे एक कारण. दुसरं असं की मला त्यांची ओढच नव्हती. माझे वडील मिरज-लोंढा मार्गावरच्या एका आडबाजूच्या स्टेशनावर मास्तर होते. गाडी यायची, पाणी प्यायची, निघून जायची. तेवढा वेळ सोडला तर सबंध दिवस ते स्टेशन आम्हा भावंडांचं. सिग्नलच्या तारेवर बसलेली पाखरं, दिवाबत्तीच्या खोलीतला रॉकेलचा वास, फाटकाला टेकून उभ्या बैलगाड्या, हे सगळं गाडी नसतानाचं. त्यामुळे बिनगाडीच्या स्टेशनात काही कमी आहे असं मला वाटायचंच नाही.

लग्न होऊन मी बंगळूरला आले ती पन्नास सालानंतर चारपाच वर्षांनी. यजमान सरकारी कारखान्यात इंजिनियर, टूलरूममध्ये, म्हणजे जिथे साचे आणि हत्यारं बनतात तिथे. त्या काळात कँटोन्मेंटात रविवारी लिलाव व्हायचे. इंग्रज कुटुंबं गेलेली, अँग्लो-इंडियन मंडळी एकेक करून ऑस्ट्रेलियाला, इंग्लंडला निघालेली. त्यांचे पलंग, पियानो, कपबश्यांची खोकीच्या खोकी विकायला यायची. मी कपबश्यांचं एक खोकं घेतलं. घरी येऊन रिकामं करते तो तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक सिग्नल. पायथ्याशी लहानशी दांडी होती. ती दाबली की हात खटकन खाली. मी जमिनीवर बसूनच तो किती वेळ खालीवर करत राहिले. कपबश्या तशाच पडल्या.

पुढच्या लिलावात खेळण्यांचं एक खोकं निघालं. मी बोली लावली, आणि माझ्याहून चढी बोली लावणारे एक वयस्क गृहस्थ वळून बघू लागले. टोपी, काठी, पांढऱ्याशुभ्र मिशा. मी यजमानांशी मराठीत काहीतरी कुजबुजले ते त्यांनी ऐकलं.

"आपण मराठी काय? मग घ्या, अक्का, आपणच घ्या," ते म्हणाले आणि हात खाली केला.

ते डॉक्टर होते. बसवनगुडीत दवाखाना. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच भागात, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'बरं बरं'च्या जागी कानडी 'सरी सरी' आणि 'जरा थांबा'च्या जागी 'स्वल्प थांबा' सहज यायचं. आम्ही त्यांना अण्णा म्हणू लागलो. पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. घरातली एक आख्खी खोली आगगाड्यांची. जुनं कसं ओळखायचं ते मला त्यांनीच शिकवलं. पत्र्याची कड बोटानं कशी चाचपायची, छापलेला रंग आणि कुंचल्यानं दिलेला रंग यांत फरक काय, गंज खरा असेल तर तो कुठून सुरू होतो. आणि एक गोष्ट ते पुन्हापुन्हा सांगायचे. "नक्कल घरात आणू नका, अक्का. एक नक्कल कपाटात शिरली की तिच्या शेजारचं खरंही खोटं वाटायला लागतं."

यजमानांना हे मुळीच पटत नसे. "वस्तू चांगली झालीय की नाही ते बघायचं. तिचा जन्म कधी झाला याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

"सरी, इंजिनियर," डॉक्टर हसून म्हणायचे, "पण तिच्याशी कोण खेळलं याच्याशी तर करायचंय ना?"

"ते पत्र्याला काय कळतं?"

असे वाद कॉफीबरोबर चालायचे आणि कॉफीबरोबरच संपायचे.

माझ्याकडे रेल्वेफाटकाची एकच बाजू होती, दुसरी हरवलेली. ती शोधण्यात वर्ष गेलं. एका रविवारी यजमान पत्रा कापायची कात्री आणि सोल्डरचं सामान घेऊन गच्चीवर गेले आणि संध्याकाळी दोन्ही फाटकं माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "सांग, तुझं कुठलं?"

मला सांगता आलं असतं ते केवळ रंगाच्या ताजेपणावरून. बाकी वळण न् वळण तेच. मी तोंडभरून कौतुक केलं, पण ते फाटक कपाटात मात्र ठेवलं नाही. स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं.

पुढे ते फाटक त्यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला नेऊन दाखवलं. अव्हेन्यू रोडच्या मागल्या गल्लीत त्याचं दुकान होतं. आमचं जाणंयेणं होतंच. त्यानं फाटक दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "सार, असं करून द्या की आणखी. नवं म्हणूनच विकतो. पोरांच्या आईबापांना जुनं कुठे परवडतं?"

यजमान खुशीत आले. कारखान्यात ते जे बनवत त्याचं कौतुक करायला कोणी दुकानात उभं राहत नसे. इथं लोक त्यांचं काम हातात घेऊन बघणार होते. रविवारची गच्ची ठरून गेली. घरमालकीणबाई, म्हणजे खालच्या अक्का, त्यांना बिस्किटांचे आणि तेलाचे रिकामे डबे जपून ठेवून देत. त्याच डब्यांचा पत्रा, छापील बाजू आत वळवलेली. मी एकदा म्हटलं, "खाली काहीतरी खूण करत जा."

"खूण कशाला? नवाकोरा रंगच सांगतोय."

त्या वर्षी पाडव्याला मी ओवाळलं तर त्यांनी ताटात पाण्याचा सोंडेचा नळ ठेवला. वाफेच्या इंजिनात पाणी भरायला स्टेशनात असतो तसला, जर्मन बनावटीचा, अस्सल जुना. सोंड वळायची, तिला साखळी होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "कुठे मिळाला?"

"मिळाला," ते म्हणाले.

पाठोपाठ आणखी दोनतीन जुन्या वस्तू अशाच 'मिळाल्या'. मी खोलात गेले नाही. नवरा आपल्यासाठी लिलावाच्या खोल्या धुंडाळतोय या विचारानंच मी सुखावले होते.

मग एके दिवशी डॉक्टरांचा निरोप आला. चहाला या, एक गंमत दाखवायचीय.

आम्ही गेलो. ते लहान मुलासारखे अधीर झाले होते. आम्हाला बसवलं, चहा हातात येतो न येतो तोच खोलीतून रुमालाखाली झाकलेलं काहीतरी घेऊन आले आणि टेबलावर ठेवून रुमाल उचलला. सिग्नलची केबिन. वीटकरी रंगाचं खालचं दालन, वर पिवळ्या कागदाच्या खिडक्या, बाजूनं वर चढणारा जिना, टोकाला धुराडं. रंग कुंचल्यानं दिलेला, जागोजागी उडालेला, छपरावर काजळी.

"वीस वर्षं शोधत होतो, अक्का. वीस वर्षं! इंग्रजाच्या बंगल्यातून निघाली म्हणतो दुकानदार."

मी वाकून बघू लागले आणि शेजारी यजमानांच्या बशीत कप वाजला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरून ठेवला. त्यांच्या चेहऱ्याकडे मी एकदाच पाहिलं. तेवढं पुरे झालं. काही महिन्यांपूर्वी दुकानदारानं एक जुनी केबिन नमुना म्हणून दिली होती आणि तिच्याबरहुकूम यांनी दुसरी केली होती. दोन्ही गच्चीवर शेजारीशेजारी ठेवलेल्या मी पाहिल्या होत्या.

"सुरेख आहे," मी म्हणाले. आवाज माझा मलाच परका वाटला. "काय द्यावं लागलं?"

डॉक्टरांनी रुमालाची घडी घातली. "माझं इंजिन दिलं. किल्लीचं. लहानपणी वडिलांनी आणलेलं, ते. दुसरं काही घ्यायला तो तयारच नव्हता." मग स्वतःशीच मान हलवून म्हणाले, "दिलं ते दिलं. इंजिन मी साठ वर्षं पाहिलंय. हिला अजून बघायचंय."

यजमान उठले. डोकं दुखतंय म्हणाले. डॉक्टरांनी लगेच नाडी पाहिली, गोळी दिली, रिक्षा आणवू का विचारलं. आम्ही बसनं जातो म्हणून निघालो.

बसथांब्यावर उभे असताना मी विचारलं, "तुमची आहे ना ती?"

"वाटतं तसं."

"वाटतं म्हणजे? तुम्ही केलेली वस्तू तुम्हाला ओळखता येत नाही?"

"अगं, हुबेहूब व्हावी म्हणूनच तर केली होती!" ते एवढ्या मोठ्यानं बोलले की थांब्यावरच्या बाईनं वळून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी दोन्ही त्याला परत दिल्या. माझी लख्ख नवी होती. ह्यानं चहाच्या पाण्यात बुडवली असेल, वातीवर धरली असेल, वाळूनं घासली असेल. नाहीतर ती खरीच असेल. वरून मला सांगता यायचं नाही."

"आणि आतून?"

"आत डब्याची छपाई असेल. पण आत बघायचं तर खालचे कान, तळ धरून ठेवणाऱ्या त्या दुमडलेल्या पट्ट्या, उघडावे लागतील. जुन्या पत्र्याचे कान एकदा दुमडले की दुमडले. परत सरळ करायला गेलं की तुटतात. खरी असली तर मी त्यांची वीस वर्षं मोडून ठेवीन."

त्या आठवड्यात आमच्या घरात रोज तोच वाद होता. मी म्हणत होते, सांगायला हवं. ते म्हणत होते, काय सांगू, मलाच माहीत नाही ते? खरं कारण तिसऱ्या की चौथ्या भांडणात बाहेर आलं. सरकारी नोकरानं बाहेर धंदा करायचा नाही हा नियम होता. कारखान्यातले मोठे साहेब डॉक्टरांचे पेशंट. गोष्ट त्यांच्या कानावर गेली तर? साताऱ्याला सासूबाई होत्या, धाकट्या नणंदेचं कॉलेज चालू होतं, सगळं याच पगारावर. आम्हाला कारखान्याची क्वार्टर मिळायच्या बेतात होती.

"धंदा कुठला? हौस ती. तुम्ही पैसे थोडेच घेतलेत?" मी म्हणाले.

त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मला वाटलं रागावले म्हणून.

शनिवारी सकाळी दाढी करताकरता ते आरशातूनच म्हणाले, "चल. साडी बदल."

डॉक्टरांना त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. काही लपवलं नाही. केबिन कशी केली, का केली, दुकानदाराला काय म्हणून दिली. डॉक्टर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू मिटत चालला होता.

"म्हणजे माझे डोळे गेले असं सांगायला आलात?"

"तसं नाही, अण्णा..."

"अक्का, तुम्ही बोलू नका." इतक्या वर्षांत त्यांचा तो सूर मी ऐकला नव्हता. "नक्कल आणि अस्सल यात फरक नाही म्हणणारा माणूस हा. आता मी अस्सल आणली तर तीही नक्कल म्हणून सांगतोय. तुम्हाला हवी होती काय ही? तसं सांगायचं!"

यजमान लालबुंद झाले, पण आवाज चढवला नाही. "खालचे कान उघडून बघा. आत कानडी अक्षरं असली तर माझी. नसली तर माझी चूक, आणि ते नुकसान मला आयुष्यभर भरून देता यायचं नाही. म्हणून मी स्वतः उघडणार नाही. तुम्ही ठरवा."

डॉक्टर आत निघून गेले. आम्हाला वाटलं, आता जावं. मी पायरीपर्यंत आलेही. तेवढ्यात ते परत आले. हातात दवाखान्यातला ट्रे. चिमटे, बारीक कात्री, कापूस. खुर्ची खिडकीपाशी ओढून ते बसले, केबिन पालथी करून मांडीवरच्या टॉवेलात धरली.

तळाला चार कान होते. पहिल्याखाली त्यांनी चिमट्याचं टोक सरकवलं. त्यांचा हात जराही हलत नव्हता, श्वास मात्र मला ऐकू येत होता. कान रेसभर उचलला. थांबले. आणखी रेसभर. मी पदर तोंडात धरला होता. यजमान भिंतीकडे बघत उभे होते, त्यांना बघवत नव्हतं. पहिला कान सरळ झाला, तुटला नाही. दुसरा झाला. तिसरा करताना बारीकसा कट्‌ असा आवाज आला आणि डॉक्टर जागच्या जागी थिजले. कान तळहातावर पडला होता.

"अण्णा, राहू द्या," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी चौथा कान उघडला, तळाचा पत्रा बाजूला केला आणि केबिन उजेडाकडे वळवली. कितीतरी वेळ ते आत बघत होते. मग तशीच ती माझ्यापुढे धरली. आत, खिडक्यांच्या पिवळ्या कागदाच्या मागे, बिस्किटांच्या कंपनीची गोल गोल कानडी अक्षरं होती, उलटी, आणि अर्धी गव्हाची ओंबी.

डॉक्टरांनी तुटलेला कान कापसावर ठेवला, चिमटे पुसून ट्रेमध्ये लावले.

"चांगलं काम आहे," ते म्हणाले. "फार चांगलं काम आहे, इंजिनियर." आणि मग एकदम, "माझं इंजिन."

आम्ही तिघं तसेच दुकानात गेलो. दुकानदार शांतपणे बसून होता. मागच्या फळीवर इंजिन दिसत होतं, काळं, पितळी पट्ट्यांचं. त्याला सुतळी बांधून झाली होती.

"अदलाबदल ती अदलाबदल, डॉक्टर," तो म्हणाला. "मी काय लिहून दिलं होतं काय जुनी आहे म्हणून? आणि हे इंजिन मी एका गोऱ्या साहेबाला कबूल केलंय. सोमवारी न्यायला येतोय, मंगळवारी मद्रासहून बोटीवर चढणार."

"मी पोलिसांत जाईन."

"जा की." त्यानं माझ्या यजमानांकडे बोट केलं. "केबिन कुणी बनवली ते मीही सांगेन. नुसतं बनवली नाही, सार, मोबदला घेऊन बनवली. सरकारी नोकर ना तुम्ही? कारखान्याच्या गेटावर येऊन सांगू काय?"

"मोबदला कसला?" मी पुढे झाले. "यांनी एक पैसा घेतलेला नाही."

दुकानदार माझ्याकडे बघून हसला. "अम्मा, तुमच्या कपाटातला सोंडेचा नळ कुठून आला?"

मी यजमानांकडे पाहिलं. ते माझी नजर चुकवत होते. म्हणजे पाडव्याचा नळ, नंतरच्या त्या वस्तू, सगळं याच गल्लीतून आलं होतं. गच्चीवरच्या नकला देऊन माझ्यासाठी अस्सल आणलं जात होतं. मला राग यावा की रडू, ते कळेना. दुकानात उभं राहून दोन्ही आवरणं तेवढं मी केलं.

यजमान घसा साफ करून म्हणाले, "तुम्ही गेटापर्यंत यायची तसदी घेऊ नका. मीच सांगतो."

"सार?"

"सोमवारी कामावर गेलो की साहेबांना मीच सांगतो."

रस्त्यावर आल्यावर डॉक्टरांनी त्यांचा दंड धरला. "हे कशाला? एका खेळण्यासाठी नोकरी घालवता काय? मी इंजिन सोडलं. विषय संपला."

"विषय तुमच्या इंजिनाचा राहिला नाही, अण्णा," ते म्हणाले. "उद्या हा मला गळ्याला दोरी लावून काम करायला लावेल. नकला करा, मी जुन्या म्हणून विकतो, नाहीतर गेटावर जातो. मग काय करू?"

दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी मी कपाट उघडलं. "काय काय आणलंत त्याच्याकडून? दाखवा." त्यांनी एकेक वस्तू बोटानं दाखवली, मी काढून पिशवीत ठेवत गेले. नळ काढताना ते म्हणाले, "तो राहू दे." मी म्हटलं, "नाही." खरं तर मला तो फार हवा होता.

सोमवारी सकाळी ते रोजच्यासारखे कारखान्याच्या बसनं गेले. मी पिशवी घेऊन दुकानात गेले, तर पायरीवर डॉक्टर आधीच उभे. मी वस्तू फळीवर मांडल्या.

"हे तुमचं तुम्हाला. आता मोबदला काही राहिला नाही. आणि आमचे हे एव्हाना साहेबांपुढे उभे असतील, तेव्हा गेटावर जाऊन सांगण्यासारखंही काही राहिलं नाही. डॉक्टरांचं इंजिन द्या."

दुकानदारानं नळाची सोंड वळवून पाहिली. साखळी मोजल्यासारखी बोटांतून सोडली. बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला की मी वळून दाराकडे बघायचे, गोरा साहेब आला की काय म्हणून. शेवटी त्यानं पाठीमागे हात नेला, इंजिन उचललं आणि डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवलं. "केबिन द्या."

"केबिन मिळणार नाही," डॉक्टर म्हणाले. "ती इथे आली की उद्या दुसरा कोणी वीस वर्षं शोधत असलेला येईल. या सगळ्या वस्तू तिच्याहून जास्त मोलाच्या आहेत हे तुम्हालाही कळतंय."

त्याला कळत होतं. त्यानं वस्तू आत घेतल्या आणि आमच्याकडे पाठ केली.

संध्याकाळी यजमान आले ते चप्पल काढून सरळ पाटावर बसले. "सांगितलं. साहेब म्हणाले, तुम्ही गप्प बसला असतात तर बरं झालं असतं, आता मला काहीतरी करावं लागेल."

ते 'काहीतरी' यायला दोन महिने लागले. रोज बस यायच्या वेळेला मी खिडकीत. त्यांच्या चालीवरून आज काय झालं ते ओळखायचा प्रयत्न करायचे. चौकशी झाली. गच्चीवर माणूस येऊन बघून गेला, कारखान्याची हत्यारं किंवा पत्रा घरी आणलाय का म्हणून. खालच्या अक्कांनी त्याला रिकाम्या डब्यांची रास दाखवली आणि कानडीत असं काही झापलं की तो कॉफीही न घेता गेला. क्वार्टरची यादी लागली त्यात आमचं नाव नव्हतं. त्या रात्री मी म्हटलं, "मीच तुम्हाला सांगायला लावलं." ते म्हणाले, "तू लावलंस म्हणून नाही सांगितलं. झोप."

अखेर ठरलं. नोकरी राहिली. समज दिली गेली, आणि त्या वर्षी टूलरूमचं प्रमुखपद त्यांना मिळणार होतं ते त्यांच्या हाताखालच्या एका तरुण तेलुगू इंजिनियरला मिळालं. ज्याला यांनीच काम शिकवलं, त्यालाच आता 'सर' म्हणायचं होतं. घरी येऊन त्यांनी ते सांगितलं आणि आंघोळीला गेले. बंबाचं पाणी गार होऊन गेलं तरी बाहेर आले नाहीत.

पहिल्याच रविवारी तो तरुण आमच्या दारात उभा राहिला. हातात फळांची पिशवी, घामाघूम झालेला. मला वाटलं, आता हा काय बोलणार आणि हे काय ऐकून घेणार. दोघंही खुर्चीच्या कडेवर बसले. पंखा, पाऊस, बसचा उशीर, सगळं बोलून झालं. तेवढ्यात डॉक्टर आले, अचानक, काखेत टॉवेलात गुंडाळलेली केबिन. त्यांना या पाहुण्याची काहीच कल्पना नव्हती.

"इंजिनियर, तळाचा एक कान तुटलाय तो बसवून द्या. आणि खाली तुमचं नाव कोरा. ही मी माझ्या खोलीत ठेवणार आहे."

"नक्कल?" यजमान म्हणाले.

"नक्कलच. पण कोणाची ते लिहिलेलं असलं म्हणजे मला चालेल."

तो तरुण उठून केबिनपाशी आला. त्यानं ती पालथी केली, आतली अक्षरं पाहिली, जिना नखानं चाचपला. "सर," तो म्हणाला, आणि तो शब्द ऐकून यजमानांनी मान वर केली, "ह्या पायऱ्या एका पत्र्यातून दुमडल्यात की जोडल्यात?"

"दुमडल्यात."

"एवढ्या बारीक? कशावर?"

यजमान माझ्याकडे बघू लागले. चौकशीचा माणूस बघून गेल्यापासून गच्चीवरच्या हत्यारांच्या खोलीचं कुलूप निघालं नव्हतं. मी किल्ली कुठे ठेवलीय ते मलाच आठवेना. डबे उचकटून ती शोधेपर्यंत तिघेही जिन्यात उभे राहून एकमेकांना दाखवत होते, पत्रा कुठे वाकवायचा आणि कुठे नाही, आणि डॉक्टर मोठ्यानं सांगत होते की जर्मन लोक हे असं मुळीच करत नसत.